गुंजीचे पाय

४ ऑक्टोबर

आज पेटीत एकही अंडं नाही. सलग तिसरा दिवस. सकाळी खुराड्याचं दार उघडलं आणि काळजात धस्स झालं. खाली पिसंच पिसं. रात्री काहीतरी आत शिरलं असणार म्हणून आधी मोजल्या. तांबडी, शेंदरी, थोरली, ठकी, गुंजी. पाचही जणी दांडीवर होत्या, रक्ताचा थेंब कुठे नव्हता. फक्त गुंजीची शेपटी गेली होती. लालभडक अंग आणि टोकाला काळी शेपटी, हुबेहूब गुंजेचं बी, म्हणून तिचं नाव गुंजी ठेवलं होतं. आता मागे नुसता भुंडा भाग उरलाय, आणि मानेवर टाचण्या टोचाव्यात तसे नव्या पिसांचे कोंब.

पिसं झडण्याचा हंगाम आला. वाचून माहीत होतं, तरी डोळ्यांनी पाहताना पोटात कालवलंच. दीड वर्षाच्या झाल्या, दिवस लहान होत चालले, तेव्हा हे व्हायचंच होतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, अंड्यालाही प्रथिनं लागतात. दोन्ही कामं एकदम अंगाला झेपत नाहीत, म्हणून अंडी थांबतात.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "खुराड्यात दिवा लाव गं. पहाटे दोन-तीन तास उजेड मिळाला की पुन्हा सुरू होतील." काकूंनी पंचवीस वर्षं कोंबड्या पाळल्यात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. कोंबडीला भरपूर आणि नेमाने अंडी घालायला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास उजेड हवा असतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतूनही मेंदूला कळतो आणि तिथून अंडाशयाला हुकूम सुटतो. दिवा लावला तर अंडी येतील. "बघते काकू," एवढंच म्हणाले. मनातून नको वाटत होतं, पण का नको ते नीट सांगता आलं नाही.

५ ऑक्टोबर

रात्री मागच्या वर्षीची वही काढून बसले. पहिल्या पानावर लिहिलंय: "पाय हळदीसारखे पिवळे." तेव्हा या पाचही जणी तलंगा होत्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या, अठरा आठवड्यांच्या. जात ऱ्होड आयलंड रेड. परसात पाळायला सगळे हीच सांगतात. अंडी भरपूर, तब्येत काटक, ऊन-थंडी सोसणारी, खुडूक होऊन अंडी उबवत बसायची सवय फारशी नाही. जे सांगितलं ते खरंच निघालं. पण त्यात एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती, आणि वही चाळताना तीच पानोपानी दिसत गेली.

वही सांगते की बाविसाव्या आठवड्यात मी जवळ गेले की गुंजी पंख जरा पसरून मटकन खाली बसायला लागली. ही अंड्यावर येण्याची खूण. त्याच सुमाराला तुरा लाल झाला. पाठीमागच्या दोन हाडांमध्ये आधी जेमतेम एक बोट मावायचं, तिथे तीन बोटं मावू लागली. चार दिवसांनी पहिलं अंडं आलं. तपकिरी, लहानसं, एका टोकाला रक्ताचा पुसट ओरखडा. तळहातावर ते ऊबदार अंडं घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

तेव्हाची एक गंमत अजून आठवते. अंडं बाहेर पडतं तेव्हा क्षणभर ओलसर असतं. त्या ओलेपणात अंगठा फिरवला तर तपकिरी रंग बोटाला लागतो आणि खाली फिकट डाग राहतो. हा रंग कवचाच्या आत मुरलेला नसतोच. कवच मुळात पांढरं. अंडं तयार व्हायला साधारण पंचवीस तास, त्यातले वीस तास नुसत्या कवचाला, आणि तपकिरी रंग चढतो तो बहुतेक शेवटच्या काही तासांत. म्हणून अंडं फोडून आतून पाहिलं तर पांढरंच दिसतं. हे कळल्यापासून मी प्रत्येक कवच उलटून बघते.

याच पंचवीस तासांमुळे अंडं रोज थोडं उशिरा येतं. तांबडीचं सकाळी आठला, दुसऱ्या दिवशी नऊला, मग दहाला, मग दुपारी, आणि एक दिवस येतच नाही. पहिल्यांदा तो रिकामा दिवस आला तेव्हा मी घाबरले होते. नंतर तिची चाल कळली.

आता ती न सांगितलेली गोष्ट. वहीत पुढे दर महिन्याला एक ओळ आहे. पहिल्या आठवड्यात: "शेपटीखाली अंडं बाहेर येतं तिथली कडा पिवळी होती, पांढुरकी झाली." मग: "डोळ्याभोवतीचं कडं फिकं." मग: "खालची चोच मुळाकडून पांढरी होत चाललीय." वरची चोच या जातीत मुळातच तपकिरी असते, तिच्यावर कळत नाही, खालचीच बघायची. मग तळपाय, मग नडगीची पुढची बाजू. सहाव्या महिन्याची नोंद: "गुंजीचे पाय पांढरे. जुन्या हस्तिदंतासारखे. काहीतरी कमी पडतंय का?"

काही कमी पडत नव्हतं. हिरवा पाला आणि मका यांतून येणारा पिवळा रंग आधी कातडीत आणि पायांत साठतो. अंडी सुरू झाली की खाण्यातला सगळा पिवळा बलकात जातो, आणि कातडीतला हळूहळू निघून जातो. कडा काही दिवसांत फिकी होते, चोचीला महिना-दीड महिना लागतो, पायांना चार ते सहा महिने. म्हणजे पाय पाहून सांगता येतं की ही किती काळ न थांबता देत आलीय. ठकीचे पाय अजून पिवळसर होते, कारण ती मधेमधे थांबायची. गुंजी थांबलीच नाही.

पाचही जणींची मिळून वर्षाची ११८६ अंडी. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. एकेकीने वर्षभरात जवळजवळ अर्धा किलो कॅल्शियम अंगातून बाहेर काढलं, आणि आमची सगळ्यात जड थोरली भरते पावणेतीन किलो. कवच बनतं मुख्यतः रात्री, पोट रिकामं होत आलेलं असताना. तेव्हा ते हाडांतून घेतलं जातं. अंड्यावर येण्याच्या आधी दोनेक आठवडे कोंबडीच्या मांडीच्या हाडांत यासाठी खास मऊ हाड तयार होतं, रोज काढायचं आणि रोज भरायचं.

१२ ऑक्टोबर

काल मैत्रिणीकडे गेले होते. तिच्याकडे याच जातीचा कोंबडा आहे. देखणा, पण तिची सहा वर्षांची लेक आता परसात पाऊल टाकत नाही. पाठ वळली की पायावर झेप घेतो. या जातीचे नर तापट असतात हे मी आणखी दोघांकडून ऐकलंय. माद्याही तशा दबून राहणाऱ्या नाहीत. तिने यांच्यात दोन गरीब स्वभावाच्या कोंबड्या सोडल्या होत्या, त्यांना खाद्यापाशी फिरकू देईनात. शेवटी भांडी दोन ठेवली, एकमेकींपासून लांब. मला वाटतं मिश्र कळप करायचा तर लाल कोंबड्या आधी नाही, शेवटी आणाव्यात. आधीपासून असलेल्यांचा दरारा असतो.

तिच्या सहापैकी चार कोंबड्यांना शेपटीत आणि पंखांत पांढरी पिसं आहेत, रंगही विटकरी. विकणाऱ्याने ऱ्होड आयलंड रेड म्हणून दिल्या, पण त्या संकर आहेत. लाल नर आणि पांढऱ्या जातीची मादी घेऊन केलेले. त्यात पिल्लू बाहेर पडताच रंगावरून नर-मादी ओळखू येते. अंडी त्या आमच्यांपेक्षाही जास्त देतात. पण तिसऱ्या वर्षी तिच्याकडच्या दोघी पोटात पाणी होऊन गेल्या. सांगताना तिचा आवाज भरून आला होता.

अस्सल जातीचा रंग काळपट लाल, जवळजवळ महोगनी. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या लिटल कॉम्प्टनच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी १८५०च्या दशकापासून जहाजांवरून आलेले मलय नर आपल्या कोंबड्यांत मिसळत ही घडवली. प्रदर्शनासाठी नव्हे, अंड्यांसाठी आणि कडक हवेत टिकण्यासाठी. १९०४ साली तिला प्रमाणित जातीचा दर्जा मिळाला, ॲडम्सव्हिल गावात तिचं स्मारक उभं आहे, आणि १९५४पासून ती त्या राज्याचा पक्षी आहे. एखाद्या कोंबडीचं स्मारक असावं हे मला अगदी योग्य वाटतं.

१९ ऑक्टोबर

गुंजीला आता हात लावत नाही. नवं पीस उगवताना त्याच्या कोंबात रक्त असतं आणि दाबलं तर दुखतं. परवा सवयीने उचलायला गेले तर अशी किंचाळली की हातातून निसटूच दिली. दिवसभर भिंतीच्या कडेला एकटी उभी असते. तुरा सुकल्यासारखा आखडून फिका पडलाय. बाकीच्या चोच मारतील या भीतीने मी दोनदा जाऊन बघते.

खाद्यात प्रथिनं वाढवलीत. वाळलेल्या अळ्या आणि थोडी मासळीची पूड. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवलाय, ज्यांना हवा त्या घेतात. मागच्या वर्षी मी इथेच चुकले होते. लाडाने रोज दुपारी मूठ-मूठ मका टाकायचे. मक्याने पोट भरलं की त्या खाद्य कमी खायच्या, म्हणजे कॅल्शियमही कमी. महिन्याभरात शेंदरीने बिनकवचाचं अंडं घातलं, पातळ पापुद्र्यातलं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं लोंबलं. ते पेटीत फुटलं, ठकीने चाखलं आणि तिला अंडी फोडून खायची चटक लागली. ती सोडवायला सहा आठवडे गेले. चूक माझी होती, आणि शेंदरीच्या हाडांतून त्या महिन्यात काय गेलं असेल ते आठवलं की अजून वाईट वाटतं. उलटी चूकही ऐकलीय: लहान तलंगांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य फार लवकर दिलं, तर जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात.

आज काकूंना उत्तर दिलं. म्हटलं, "काकू, दिवा नाही लावत. गुंजीचे पाय बघा." त्या कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "आम्ही कधी पाय बघितले नाहीत गं."

२ नोव्हेंबर

रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात गेले. दांडीवर झोपलेली कोंबडी अंधारात शांत असते, जवळून बघता येतं. आधी दांडीच्या फटी तपासल्या, कारण रक्त पिणारे लाल किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्रीच बाहेर येतात. एकही नाही.

मग गुंजी. डोळ्याभोवती पिवळं कडं. आणि खालच्या चोचीच्या मुळाशी, नखाएवढीही नाही, एक पिवळी रेघ. ज्या क्रमाने रंग गेला त्याच क्रमाने परत येतो, हे माहीत होतं. तरी डोळ्यांत पाणी आलं.

९ डिसेंबर

पिसं भरली. अशी लकाकी तलंग असतानाही नव्हती. काळी शेपटी परत आली, उन्हात तिच्यावर हिरवट झाक दिसते. दुपारी पाचही जणींनी मिळून कोपऱ्यात माती उकरली आणि तासभर मातीत न्हात पडल्या. गुंजी मधोमध, एक पाय लांब ताणून, डोळे मिटलेले. ताणलेल्या पायाची बोटं पिवळी, नडगी अजून अर्धी पांढरी.

ठकी आठवड्यापूर्वीच अंड्यावर आली. तिने पिसंही सावकाश, थोडी-थोडी टाकली. जी शेवटपर्यंत देत राहते ती एकदम सगळी पिसं टाकते म्हणतात. आमच्याकडे तरी तसंच झालं.

२१ जानेवारी

गुंजीचे पाय पूर्ण पिवळे. सकाळी उचलून घेतलं, काही बोलली नाही. नडगीच्या मागच्या बाजूपर्यंत, गुडघ्यापर्यंत बघितलं. वहीतली पहिल्या पानावरची ओळ पुन्हा लिहिली.

३ फेब्रुवारी

दिवस वाढायला लागलेत. तुरा लाल झालाय. दुपारी पाणी बदलायला गेले तर गुंजी माझ्या पायाशी येऊन पंख पसरून मटकन बसली.

८ फेब्रुवारी

दुपारी सव्वा बाराला पेटीतून तिचा आवाज आला. धावत गेले तेव्हा ती अजून अंड्यावर उभी होती. मागच्या सप्टेंबरच्या अंड्यांपेक्षा मोठं, आणि रंगाने गडद. वर्षाच्या शेवटी रंग फिका होत गेला होता, तो पुन्हा पहिल्यासारखा. ओलं होतं. अंगठा फिरवला. बोट तपकिरी झालं.

१४ फेब्रुवारी

पाच अंडी झाली. आज संध्याकाळी उचलून शेपटीखाली बघितलं. कडा फिकी पडायला लागलीय. शिंपल्यांची वाटी भरून ठेवली.