तुम्ही विचारलंत म्हणून : खिळ्यांचे टायर घ्यावेत की बिनखिळ्यांचे?

स्वीडनच्या उत्तर भागातल्या लुलिओ येथे सात हिवाळे नोकरी करून मी कोल्हापूरला परतलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. तरीही ज्यांची मुले युरोपात किंवा कॅनडात नोकरीला निघतात, असे आईवडील एक प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात : बर्फात चालवायच्या गाडीला खिळे बसवलेले टायर घ्यावेत की बिनखिळ्यांचे? गेल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका स्नेह्यांनी फिनलंडमधील औलू येथे निघालेल्या आपल्या मुलीसाठी हेच विचारले. उत्तर फोनवर सांगण्याइतके लहान नाही, म्हणून लिहितो.

हे दोन्ही टायर हिवाळीच आहेत. पारा साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे मिश्रण थंडीतही मऊ राहते. कोल्हापुरात पौषातल्या पहाटेही पारा सहसा १० अंशांच्या वर राहतो, त्यामुळे या फरकाशी आपली कधी गाठच पडत नाही.

भुसभुशीत ताज्या हिमावर दोन्ही प्रकार जवळपास सारखेच चालतात. खरा प्रश्न आहे तो चाकांखाली दाबून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या बर्फाचा. शून्य अंशाच्या आसपास अशा बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यामुळे रबराला धरच सापडत नाही. बिनखिळ्यांच्या टायरवर ब्लेडने चिरल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या हा थर टिपून घेतात आणि त्यांच्या कडा बर्फावर अडतात. खिळा मात्र तो थर भेदून खालच्या बर्फातच रुततो. हा खिळा टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे आपल्या उद्यमनगरात लेथवर लोखंड कापणारी जी टिप असते त्याच जातीचा असतो, आणि रबराबाहेर तो जेमतेम एक मिलिमीटर डोकावतो. पारा उणे १५-२० पर्यंत उतरला की बर्फ कोरडा आणि कठीण होतो. तेव्हा खिळ्याला रुतणे जड जाते, मऊ रबराची पकड सुधारते आणि दोहोंमधले अंतर बरेच कमी होते. थंडी जितकी कडक तितकी खिळ्यांची गरज जास्त, असे इथल्या बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात खिळ्यांचा सर्वाधिक उपयोग दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठणाऱ्या दिवसांत होतो.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात, मार्चमधल्या एका दुपारी, उतारावरच्या चौकात मी ब्रेक दाबला आणि गाडी माणसाच्या चालीने, पण न थांबता, लाल दिवा ओलांडून पुढे सरकत गेली. समोरून कोणी आले नाही. टायर बिनखिळ्यांचे होते आणि त्यांच्या चिरा झिजून उथळ झाल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात मी खिळ्यांचे टायर घेतले.

तरीही ते मी सर्वांना सुचवत नाही. भातलावणीच्या दिवसांत राधानगरी-गगनबावड्याकडे चिखलणी करणारा ट्रॅक्टर आठवावा. त्याची लोखंडी केजव्हील चिखलात जे काम करतात ते रबरी चाकाला जमत नाही, पण तीच चाके घेऊन तो डांबरी रस्त्यावर आला की रस्ता ओरबाडला जातो. खिळेही उघड्या डांबरावर हेच करतात : रस्त्यात चाकोऱ्या पडतात, आवाज वाढतो आणि डांबराची बारीक धूळ हवेत मिसळते. जपानमध्ये सेंदाईसारख्या शहरांत या धुळीचा इतका त्रास झाला की १९९० मध्ये कायदा करून खिळ्यांवर बंदी आणावी लागली. स्टॉकहोममधल्या हॉर्न्सगाटान या रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या मोटारींना मज्जाव आहे. ज्याचा रोजचा रस्ता शहरातला आहे आणि मीठ टाकून, बर्फ बाजूला सारून मोकळा ठेवलेला आहे, त्याने खिळे घेऊ नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण ती धूळ फुटपाथवरून चालणाऱ्या मुलांच्या छातीत जाते.

काही ठिकाणी ही निवड आपल्या हातातच नसते. जर्मनीत खिळ्यांना बंदी आहे. तिथे टायरवर तीन शिखरे आणि हिमकण असे हिवाळी टायरचे चिन्ह आहे एवढे पाहावे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात उत्तर भागातल्या रहिवाशांना खिळे चालतात, टोरांटोकडच्यांना नाही.

आता राजारामपुरीच्या मुलीविषयी. ती राहणार गावाबाहेर, कामाची वेळ पहाटेची, रस्ता जंगलातून जाणारा, आणि तिने आजवर बर्फावर गाडी चालवलेली नाही. तिने खिळ्यांचेच टायर घ्यावेत. फिनलंडमध्ये ते नोव्हेंबर ते मार्च, आणि हवामान तसेच असेल तर त्याच्या आधी-नंतरही चालतात. चारही चाकांना एकाच जातीचे बसवावेत. दोन खिळ्यांचे आणि दोन बिनखिळ्यांचे अशी काटकसर केली तर वळणावर गाडीचे एक टोक धरते आणि दुसरे सुटते. नवे खिळे रबरात नीट बसेपर्यंत पहिले काहीशे किलोमीटर जोराचा ब्रेक आणि एकदम वेग घेणे टाळावे लागते, म्हणून रस्ते पक्के गोठण्याची वाट न पाहता, कायद्याने मुभा मिळताच तिने ते बसवून घ्यावेत. दोन वर्षांनी ती शहरात राहायला गेली, तर मला पुन्हा विचारावे. तेव्हा माझे उत्तर वेगळे असेल.