बियाफ्राचा एक पौंड

नंबर नसलेली नोट दिसली की नवखा संग्राहक ती आधी बनावट ठरवतो. नायजेरियातून फुटून निघालेल्या अल्पजीवी बियाफ्रा देशाच्या एक पौंडाच्या बाबतीत मात्र जरा थांबावं. दुसऱ्या मालिकेतली ही नोट नंबरासह मिळते तशी नंबराशिवायही, आणि पिक कॅटलॉगमध्ये, म्हणजे जगभरच्या नोटांच्या प्रमाण यादीत, दोन्हींची नोंद आहे. माझ्याकडेही दोन्ही आहेत. अगदी कोऱ्या, करकरीत. आणि नेमकं तेच मला खटकतं.

नायजेरियाच्या पूर्व भागाने ३० मे १९६७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. नायजेरियाशी युद्ध पेटलं आणि ऑक्टोबरात बियाफ्राची राजधानी एनुगू हातची गेली. जानेवारी १९६८मध्ये नायजेरियाने आपल्या नोटाच बदलल्या, म्हणजे बियाफ्रात अडकलेल्या जुन्या नोटांची रद्दी झाली. त्याच महिनाअखेरीस बँक ऑफ बियाफ्राने स्वतःच्या नोटा काढल्या: ५ शिलिंग आणि १ पौंड, बस. राजधानी गमावल्यावर चलन सुरू करायचं, याला धाडस म्हणा नाहीतर नाइलाज! १० शिलिंग, ५ पौंड आणि १० पौंड मागाहून, दुसऱ्या मालिकेत आले.

नोटांवर तेलताडाचं झाड आणि त्यामागे उगवता सूर्य. सूर्य झेंड्यावरचा, ताड पोटापाण्याचा, कारण पामतेल ही त्या मुलखाची जुनी निर्यात. वर्ष मात्र छापलेलं नाही, त्यामुळे मालिका ओळखायची ती रंग आणि नक्षीवरून.

१५ जानेवारी १९७० रोजी शरणागती झाली आणि बियाफ्राचा पैसा संपला. युद्धकाळात ज्यांची खाती बियाफ्राच्या पैशात चालली होती, त्यांच्या हाती नायजेरिया सरकारने सरसकट २० पौंड ठेवले. खात्यात शंभर असोत की दहा हजार, २० पौंड. हे वाचल्यापासून कोऱ्या नोटांच्या गड्ड्या बघताना मला जरा वेगळंच वाटतं. त्या कुणाच्या हातात पोचल्याच नाहीत, म्हणून तर इतक्या टिकल्या आणि आज इतक्या स्वस्त मिळतात.

माझी लाडकी नोट पहिल्या मालिकेतली ५ शिलिंगची. चार घड्या, एक कोपरा गायब, मधोमध तेलकट डाग. नोटांची प्रत ठरवणारे ग्रेडिंगवाले तिला प्लॅस्टिकच्या पाकिटातसुद्धा घालणार नाहीत. पण तिने बाजार पाहिलाय, आणि माझ्या लेखी दर्जा त्यावर ठरतो. विक्रेत्यांना हे पटत नाही. वापरलेल्या नोटेचा फोटो मागितला की ते आधी कोरीच पुढे करतात.

सध्या १९६९ची अ‍ॅल्युमिनियमची नाणी शोधतोय. अडीच शिलिंगचं कुणाकडे असेल तर कळवा. झिजलेलं असलं तर उत्तमच.