युनिफॉर्मचे नियम कोपराखाली सुरू होतात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हातात पडणारी युनिफॉर्मची यादी बहुतेक ठिकाणी वरून खाली लिहिलेली असते: केस, कॉलर, नेमप्लेट, बाही, बूट. ती वाचताना शाळेचा गणवेश आठवतो आणि नियम पाळले जातात ते तपासणीपुरते. हीच यादी हातापासून वाचायला घेतली की बरीचशी कलमं आपोआप उलगडतात. वॉर्डात जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते मुख्यतः हातांवरून. म्हणून हात धुण्याच्या आड जे येतं ते काढायचं, आणि आपल्या नकळत रुग्णाला किंवा ड्रेसिंगच्या ट्रेला जे लागतं ते बांधायचं, नाहीतर घरी ठेवायचं.

इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये 'कोपराखाली काहीही नको' हा नियम धोरण म्हणून मांडला आणि नंतर तो बऱ्याच देशांतल्या रुग्णालयांनी उचलला. बाही कोपराच्या वर, मनगटावर घड्याळ, कडं, धागा, फिटनेस बँड यातलं काही नाही. कारण साधं आहे. मनगटावर पट्टा असला की हात धुणं पट्ट्यापाशी थांबतं. शिवाय अंगठ्याचं मूळ आणि मनगट या आधीच बऱ्याचदा सुटणाऱ्या जागा. साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोल रबला २० ते ३० सेकंद द्यायचे असतात. पट्टा सांभाळत धुणारा तेवढा वेळ देत नाही.

अंगठीचं गणित थोडं वेगळं आहे. गुळगुळीत, बिनखड्याची एक अंगठी पुष्कळ ठिकाणी चालते, पण धुताना ती फिरवायची असते, कारण तिच्याखालच्या त्वचेवर जंतू जास्त सापडतात आणि ओल तिथेच अडकते. खड्याची अंगठी मात्र कुठेच चालू नये. तिने ग्लोव्ह फाटतो, आणि म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी कूस बदलताना सोलवटते.

नखांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: नखाचं पुढचं टोक ०.५ सेंटीमीटरपेक्षा कमी, आणि रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावायचीच नाहीत. माझ्या मते ०.५ सेंटीमीटरही जास्तच. तळहात स्वतःकडे करून बोटं सरळ धरा. बोटाच्या टोकावरून नख डोकावत असेल तर कापा. नेलपॉलिश लावू नये, कारण ते टवके उडून खडबडीत होतं आणि नखाखालचा मळ दिसू देत नाही. जेल पॉलिशला टवके उशिरा पडतात एवढंच, मळ तेही लपवतं.

हातातलं घड्याळ काढलं तर नाडी कशी मोजायची? छातीवर अडकवायचं फॉब वॉच घ्या. ते उलटं टांगलेलं असतं, म्हणजे मान खाली घातली की आकडे आपल्याला सुलट दिसतात. घेताना सेकंद काटा आहे का ते आधी पाहा, कारण नाडी अनियमित असेल तेव्हा पूर्ण ६० सेकंद मोजावी लागते आणि श्वास तर नेहमीच पूर्ण मिनिटभर. साखळी लांब असेल तर वाकल्यावर घड्याळ रुग्णाच्या अंगावर झोके घेतं, म्हणून आखूड पट्टीचं, सिलिकॉनच्या आवरणाचं घ्यावं. ते पुसता येतं. सेफ्टी पिनपेक्षा क्लिप बरी.

धर्मामुळे हात झाकावे लागत असतील तर त्यालाही वाट आहे: प्रत्यक्ष काम करताना बाही वर सरकवून घट्ट बसवायची, किंवा वापरून टाकायच्या वेगळ्या बाह्या घालायच्या आणि त्या ग्लोव्हसारख्या प्रत्येक रुग्णामागे बदलायच्या. डोक्यावरचा कपडा कॉलरच्या आत खोचलेला आणि रोज धुतलेला असावा. स्वेटर मात्र थंडी असली तरी खाटेजवळ जाताना उतरवायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. युनिफॉर्म म्हणजे संरक्षक पोशाख नव्हे. तो कापडाचा आहे, द्रव शोषतो, आणि त्याचा पुढचा भाग, खिशाची तोंडं आणि बाहीची कड सर्वात आधी दूषित होते. म्हणून अंग पुसणं, बेडपॅन, ड्रेसिंग अशा कामांना वरून प्लास्टिकचा एप्रन. रक्त किंवा स्राव उडण्याची शक्यता असेल तर लांब बाहीचा, द्रव न शोषणारा गाऊन. एप्रनच्या बाहेर राहणारे उघडे हात धुता येतात, लांब बाही धुता येत नाही. आखूड बाहीमागचा अर्धा विचार हाच आहे. रक्त उडून कपडा भिजलाच तर ड्युटी संपायची वाट न बघता बदलायचा, आणि खालची त्वचा साबण-पाण्याने धुवायची. टॉप डोक्यावरून काढायचा असेल तर भिजलेला भाग चेहऱ्यावरून जातो, त्यामुळे पुढून उघडणारा टॉप केव्हाही श्रेष्ठ. लॉकरमध्ये एक धुतलेला जोड कायम असावा.

शिवून घेताना उभं राहून दिलेलं माप फसवं असतं. टॉप घालून दोन्ही हात सरळ वर करा: पोट उघडं पडलं तर उंची कमी आहे. पुढे कमरेतून वाका: गळ्यातून आतलं दिसलं तर गळा मोठा आहे. उकिडवे बसा, मग गुडघ्यांवर बसून सीपीआरमधल्या छातीदाबाची स्थिती घ्या. मांडीत किंवा काखेत ताण आला तर मुंढा आणि आसन दोन्ही अरुंद आहेत. छातीच्या मापावर १० ते १२ सेंटीमीटर ढिलाई पुरते. त्याहून जास्त घेतली तर कापड ट्रेला लागतं. बाही कोपराच्या चार बोटं वर संपावी, म्हणजे हात वाकवल्यावर कड कोपराच्या खोबणीत जात नाही. पँटची कड जमिनीपासून २ ते ३ सेंटीमीटर वर. शुद्ध सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून ते आधी भिजवून, वाळवूनच शिंप्याकडे द्यावं. टेरीकॉट फारसं आटत नाही, चुरगळतही नाही, पण उकाड्यात घाम धरतं. पांढऱ्या कापडाखाली पांढरं अंतर्वस्त्र उठून दिसतं. त्वचेच्या रंगाचं दिसत नाही. जोड किमान तीन: एक अंगावर, एक वाळत, एक तयार.

केस कॉलरच्या वर हवेत, हे सगळ्या याद्यांत असतं. कुठे बांधायचे हे मात्र कोणी सांगत नाही. एन-९५ मास्कचा वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर बसतो आणि खालचा कानांखालून मानेवर. आंबाडा अगदी उंच असेल तर वरचा पट्टा घसरतो, अगदी मानेवर असेल तर खालचा. म्हणून तो दोन पट्ट्यांच्या मध्ये बांधावा, जाळीत, आणि पिना पुरत्या खोचून. मान खाली घालून डोकं जोरात हलवा; एकही बट पुढे आली तर ती ड्रेसिंगच्या वेळीही येणार, आणि ती मागे सारायला जाणारा हात ग्लोव्हमधला असणार. दाढीबद्दलही मास्कच ठरवतो. मास्कची कड जिथे टेकते तिथे खुंट असतील तर हवा बाजूने आत येते, मग फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का ही चाचणी, पास होत नाही. मिशी कडेच्या आत मावत असेल तर चालते.

कानात बारीक खडा ठीक. लोंबणारं काही नको, कारण गोंधळलेला रुग्ण किंवा कडेवरचं मूल हाताला लागेल ते ओढतं. याच कारणाने ओळखपत्राची गळ्यातली दोरी ताणल्यावर सुटणारी असावी; त्याहून क्लिप चांगली. अत्तर नको: दम्याच्या रुग्णाला त्रास होतो, केमोथेरपी चालू असलेल्याला मळमळ सुटते. कपड्याला लागलेला तंबाखूचा वासही त्यातलाच.

खिसे हा वेगळाच प्रांत. छातीच्या खिशात पेन ठेवलं की ते वाकल्यावर खाटेत पडतं, आणि कात्री ठेवली तर ती टोचते. खालच्या खिशात दोन पेनं, छोटी वही, बोथट टोकाची कात्री, टॉर्च, बस. वापरलेले ग्लोव्ह, सुईचं टोपण, कापसाचा बोळा 'नंतर टाकू' म्हणून खिशात जातो आणि धुण्याच्या बादलीत सापडतो. घाई हे त्याचं खरं कारण नसतं. डबा हाताशी नसतो, हे असतं. काम सुरू करण्याआधी कचऱ्याचा डबा आणि सुयांचा डबा जवळ ओढून घेतला की खिसा रिकामा राहतो.

नेमप्लेटवर नाव मोठं आणि त्याखाली 'विद्यार्थी' हा शब्द तितकाच ठळक हवा. खाटेवर आडव्या पडलेल्या, चष्मा काढलेल्या माणसाला ती वाचता आली पाहिजे. ब्रिटनमधल्या डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण असताना उपचार करणारी माणसं आपलं नावही सांगत नाहीत हे त्यांना खटकलं, आणि २०१३ मध्ये त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. नेमप्लेट असली तरी नाव तोंडाने सांगायचं, हा त्यातला धडा विद्यार्थ्यांना जास्तच लागू आहे, कारण आपल्याला सुई टोचणारा अजून शिकतो आहे हे कळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

नर्सच्या टोपीबद्दल एवढंच: खळ घातलेली टोपी केस झाकत नव्हती, रोज धुतली जात नव्हती आणि सलाइनच्या नळ्यांत अडकत होती. बऱ्याच ठिकाणी ती गेली ते बरं झालं. दीक्षा समारंभाला हौसेने घालावी.

बुटांवर मात्र मन लावून खर्च करावा. पुढून आणि मागून बंद, वरचा भाग पुसता येणारा, तळवा न घसरणारा, टाच ३ सेंटीमीटरच्या आत. जाळीचे धावण्याचे बूट मऊ असतात, पण सांडलेलं द्रव थेट मोज्यापर्यंत पोचतं, आणि भोकांच्या क्लॉगमधून खाली पडणारी सुई आत जाऊ शकते. नाड्या जमिनीला लागतात आणि आपण त्या हाताने बांधतो. वेल्क्रो किंवा नुसते सरकवायचे बूट त्यापेक्षा स्वच्छ. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर जागा हवी. दोन जोड आलटून पालटून वापरले की आतली ओल सुकायला पूर्ण दिवस मिळतो. रात्रपाळीसाठी घेण्याआधी फरशीवर चालून आवाजही ऐकावा.

आता धुणं, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅफिलोकॉकस आणि एन्टरोकॉकस हे जंतू रुग्णालयातल्या कापडांवर किमान एक दिवस जिवंत राहिले, काही तर प्लास्टिक व पॉलिएस्टरसारख्या पृष्ठभागांवर ९० दिवसांहून जास्त. तेव्हा 'आज मळला नाही' म्हणून तोच कपडा दुसऱ्या दिवशी घालण्यात अर्थ नाही. मशीनमध्ये ६० अंश सेल्सिअसला १० मिनिटं धुतलं की बहुतेक जंतू जातात. घरच्या इतर कपड्यांपासून वेगळं, आणि मशीन ठासून न भरता. ठासली की पाणी आणि साबण कापडातून फिरतच नाही. सीडिफसारख्या, जुलाब लावणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू मात्र या तापमानाला पूर्ण मरत नाहीत, त्या वॉर्डातले कपडे शक्य असेल तर रुग्णालयाच्या लाँड्रीत द्यावेत.

हाताने धुणाऱ्यांना ६० अंशांचं पाणी झेपत नाही. पांढऱ्या सुती कपड्यांना अशा वेळी क्लोरीन ब्लीच उपयोगी पडतं. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर १० लिटर पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे सुमारे १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग). आधी साबणाने मळ काढायचा, नीट खंगाळायचं, मग ब्लीच. मळ असताना घातलं तर क्लोरीन मळावरच खर्च होतं. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

आणि एक डाग असा आहे की तो ब्लीचनेच पडतो. हातावरचं क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक कापडाला लागलं तर दिसत नाही. त्यावर क्लोरीन ब्लीच गेलं की तपकिरी ठिपके उमटतात आणि ते जात नाहीत. बिचारा विद्यार्थी आणखी ब्लीच ओततो, ठिपके आणखी गडद होतात. क्लोरहेक्सिडीन वापरणाऱ्या वॉर्डात पोस्टिंग असेल तेव्हा हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम परकार्बोनेट असलेलं ऑक्सिजन ब्लीच वापरावं.

रक्ताचा डाग ग्लोव्ह घालून आधी थंड पाण्यात काढायचा. गरम पाण्याने प्रथिनं गोठून धाग्यात बसतात. राहिलेल्या डागावर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, तो थांबला की धुवायचं. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीला लावून पाहावं. पोव्हिडोन आयोडीनचा ताजा डाग पाण्याने जातो; सुकलेल्यावर व्हिटॅमिन सी ची गोळी पाण्यात विरघळवून लावली की आयोडीनचा रंग उडतो. जेन्शन व्हायोलेट हे जांभळं जंतुनाशक थोडंफार अल्कोहोलने निघतं. सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग घरगुती उपायांना दाद देत नाही, तो जोड सरावाच्या लॅबसाठी ठेवून द्यावा.

धुतल्यावर लगेच वाळवा, ओला कपडा पिशवीत राहिला तर धुण्याचं काम अर्धं वाया जातं. मग गरम इस्त्री, शिवणींवरून आणि खिशांच्या तोंडावरून सावकाश.

येता-जाता युनिफॉर्म अंगावर असावा का, यावर वाद होतात. रस्त्यावरून किंवा बसमधून युनिफॉर्ममुळे आजार पसरतात याचा ठोस पुरावा नाही, हे इंग्लंडच्या धोरणातही मान्य केलेलं आहे. तरी रुग्णालयातच कपडे बदलावेत असं मी म्हणेन: लोकांचा विश्वास हे एक कारण, आणि घरातलं मूल दारातच गळ्यात पडतं हे दुसरं. मळलेला जोड वेगळ्या, धुता येईल अशा कापडी पिशवीत न्यावा आणि मशीन लावताना ती पिशवीही उलटी करून आत टाकावी. स्वच्छ जोड आणायलाही तीच पिशवी वापरायची असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.