तंबोऱ्याचा दोरा कोडमध्ये कुठे बांधायचा?

तार छेडल्याचा आवाज कॉम्प्युटरवर काढणं भलतंच सोपं आहे. केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी १९८३ साली ही युक्ती छापली. माझा सा काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (म्हणजे आकडे) धरले तर त्याला साधारण ३१८ आकड्यांची रांग पुरते. तिच्यात वाट्टेल ते आकडे भरायचे, म्हणजे निव्वळ खरखर. मग रांग गोल गोल वाजवत राहायची आणि दर फेरीला प्रत्येक आकड्याच्या जागी त्याची नि शेजाऱ्याची सरासरी ठेवायची. संपलं! सरासरीमुळे वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत तारेतून उमटणारे वरचे सूर) भराभर विझतात, खालचे रेंगाळतात आणि त्या खरखरीतून चक्क तार बोलू लागते. पायथनच्या मोजक्या ओळी.

प, सा, सा, खर्जाचा सा अशा चार तारा जुळवून आत्याला ऐकवल्या. तिचा जन्म मिरजेच्या तंबोऱ्यावर गाण्यात गेलाय.

"सुरात आहे रे. पण ही गिटार झाली. जवारी कुठंय?"

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा तो झणझणता, भरलेला नाद. मुद्दा तिथेच अडतो. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. थरथरणारी तार तिच्या पाठीला घासत राहते, आणि घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा ती नेमकी कुठे घासावी हे ठरवतो. या घासण्यातून खालच्या कंपनांची शक्ती वरच्या उपस्वरांत जात राहते, म्हणून तार छेडल्यावर ते मागाहून फुलत जातात. माझ्या रांगेत नेमके तेच आधी मरतात.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच यावर लिहून ठेवलंय. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा हे उपस्वर उमटू नयेत, कारण त्यांचा निस्पंद बिंदू, म्हणजे तारेची न हलणारी जागा, तिथेच पडतो. तंबोरा हा नियम सरळ धुडकावतो. (बऱ्याच अ‍ॅपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंगच वाजतं. रियाजाला उत्तम, पण त्यातून जवारी कळत नाही.)

मग मी रांगेची लांबी कायम ठेवणं सोडलं. तार घोडीच्या बाजूला झुकली की लांबी किंचित कमी, उलट बाजूला गेली की पूर्ववत. लगेच झणकार आला, जरा पत्र्यासारखा, पण आला.

आत्याचा निकाल: "बंद जवारी आहे, नाद पुरता खुलत नाही. दोरा थोडा पुढे घे."

आता कोडमधला कोणता आकडा म्हणजे 'पुढे', ते शोधतोय.