यादी २६४ वर का थांबली

दहा दिवसांचं दूधबिल वाटायचा दिवस. सकाळी सातलाच गावातल्या संस्थेच्या सचिवकाकांचा फोन आला. "ताई, यादीत दोनशे चौसष्टच जणं आल्यात. म्होरच्याचं नाव अर्ध्यातच तुटलंय. बाकीच्या लोकास्नी काय सांगू?"

सभासद ४१२. यादी काढणारा जावाचा प्रोग्रॅम माझा. एरर नाही, काही नाही, नीट चालून संपलेला.

फाइल मागवली. आकार बरोबर १६,३८४ बाइट. हा आकडा दिसला आणि मी दुधातल्या फॅट-एसएनएफचा (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) हिशेब तपासायचं सोडून दिलं. ८,१९२ ची ही दुप्पट, आणि जावातून फाइलीत जाणारा मजकूर ८,१९२ च्या एकामागे एक अशा दोन बफरांतून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यांतून, जातो; साठा भरला की पुढे सरकतो. माझी एक ओळ ६० अक्षरांची, अक्षराला एक बाइट, शेवटी विंडोजची ओळ तोडणारी दोन, म्हणजे ६२ बाइट. २६४ ओळींचे १६,३६८ झाले. उरलेल्या १६ बाइटांत अनुक्रमांक आणि त्या माणसाचं तुटकं नाव. पुढचे १४८ सभासद या बफरांमध्येच राहिले आणि प्रोग्रॅमबरोबर गेले, कारण शेवटी फ्लश (बफर रिकामा करून पुढे लिहिणं) किंवा क्लोज (फाइल बंद करणं) झालंच नव्हतं.

घरी तपासताना हे दिसलं कसं नाही, याचा मला जास्त त्रास झाला. गेल्या महिन्यात मी यादी लिहिणारा कोड वेगळा काढून त्याचा स्वतंत्र भाग, म्हणजे क्लास, केला. तो तयार करतानाच, कन्स्ट्रक्टरमधून, त्याला प्रिंटरायटर (मजकूर लिहिणारं जावाचं साधन) द्यायचा; मग क्लास त्याच्या प्रिंटएफ या कमांडने रकाने पाडून ओळी लिहितो. तपासताना दिलेला प्रिंटरायटर पडद्यावर लिहिणारा होता आणि त्याचा ऑटोफ्लश (आपोआप होणारा फ्लश) चालू होता, त्यामुळे प्रत्येक प्रिंटएफनंतर ओळ लगेच बाहेर. संस्थेत दिला तो थेट फाइलच्या नावाने उघडलेला. त्यात ऑटोफ्लश नसतो. दोन्हींचा टाइप एकच, त्यामुळे आपल्या हातात कुठला आलाय हे यादीच्या क्लासला कळायला मार्गच नाही. (ऑटोफ्लश चालू असला तरी नुसत्या प्रिंटने फ्लश होत नाही. प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट, एवढ्यांनीच होतो.)

मग क्लोज यादीच्या क्लासनेच करावं का? मला ते पटत नाही. पडद्याचा रायटर त्याने बंद केला तर सिस्टिम डॉट आउटही (प्रोग्रॅमची पडद्यावर लिहिण्याची वाट) बंद होतं आणि पुढचं काहीच दिसत नाही. ज्याने उघडलं त्यानेच बंद करावं. यादीचा क्लास आता काम संपलं की फक्त फ्लश करतो, आणि फाइल मी ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की फाइल आपोआप बंद करणारी जावाची रचना) उघडते. मध्येच एक्सेप्शन (चालताना आलेली अडचण) आलं तरी ती बंद होतेच.

आणखी एक जागा बुजवली. लिहिताना डिस्क भरली तरी प्रिंटरायटर एक्सेप्शन फेकत नाही, चूक स्वतःपाशीच ठेवतो. म्हणून क्लोजच्या आधी त्याला चेकएररने विचारते, चूक झाली का. चेकएररही आधी फ्लश करतो, मग उत्तर देतो. उत्तर 'हो' आलं तर प्रोग्रॅम थांबतो आणि छपाईला यादी जातच नाही.

नऊच्या आत नवी फाइल काकांना पाठवली. २५,५४४ बाइट. ४१२ गुणिले ६२ करून पाहिलं, मगच वाटप सुरू करा म्हटलं.