भेरूघाटात ब्रेक नरम पडला

आज आईला ओंकारेश्वरला दर्शनाला घेऊन निघालो होतो. इंदूरहून सिमरोलपर्यंत सगळं ठीक. भेरूघाटाच्या उतारावर पुढे भरलेला ट्रक, म्हणून मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो. आधी जळका वास आला. मग पेडल नरम लागलं, नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. मागे आई स्तोत्र म्हणत होती. तिला काही न बोलता पेडल भराभर दाबलं, दुसरा गिअर टाकला, मग पहिला, आणि रुंद जागा दिसताच हँडब्रेक हळूहळू ओढून गाडी थांबवली. हात थरथरत होते. तापलेल्या चाकांवर पाणी ओतायचा मोह आवरला, डिस्क तडकू शकते. पाऊण तासानं पहिल्या गिअरमध्येच माघारी फिरलो.

संध्याकाळी मिस्त्रींनी ब्रेक ऑइलची डबी उघडून दाखवली. काळ्या चहासारखा रंग! हे तेल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर तो आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की आत वाफ होते, पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. माझं चार वर्षांचं होतं. घाट उतरताना सुरुवातीलाच खालचा गिअर टाकत जा हो, ब्रेकच्या भरवशावर उतरू नका.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिचा नारळ डिकीतच आहे, रविवारी पुन्हा निघायचंय.