कमी श्रमाचा अभ्यास

लाइपझिग, शनिवार रात्र

सावकाश, कमी जोराच्या हालचालींतून शरीराची जाण वाढवणाऱ्या फेल्डेनक्राईस पद्धतीची शिक्षिका म्हणून स्वतःचा पहिला वर्ग आज घेतला. सर्वांना उताणे झोपून गुडघे उभे ठेवायला सांगितले आणि कमरेखाली घड्याळाची तबकडी आहे, तिच्यावरचा बाराचा आकडा पट्ट्याकडे आणि सहाचा माकडहाडाकडे आहे, अशी कल्पना करायला लावली. मग शरीराचा भार अगदी सावकाश एकेका आकड्यावरून फिरवायचा. माझ्या पाठदुखीच्या काळात मला पहिला आराम याच पाठाने दिला होता. तेव्हा चार आणि पाच यांच्या मधली जागा माझ्याकडून नेहमी निसटत असे, आणि ती निसटते आहे हे जाणवणे हाच त्या दिवशीचा खरा लाभ होता.

त्यापूर्वीची वर्षे मी ‘मणक्यात गॅप आहे’ या एका वाक्याच्या धाकात काढली. वाकताना श्वास रोखणे, पाठ ताठ धरणे, पिशवी उचलण्याआधीच दात आवळणे हे सर्व त्या धाकातून आले होते. दुखत नसलेल्या माणसांच्या पाठीच्या एमआरआय आणि सीटी चित्रणांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के, तर ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली होती. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवे होते, असे आजही तीव्रतेने वाटते.

मोशे फेल्डेनक्राईस यांचा जन्म १९०४ चा. ते अभियंते होते, पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले आणि ज्यूदो शिकवणारे. दुखावलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घेण्याऐवजी त्यांनी आपण चालतो कसे याचाच अभ्यास सुरू केला. त्यांच्या पद्धतीचा एक आधार तर याच शहरातला आहे. येथील विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३४ मध्ये वजनांच्या प्रयोगांवरून दाखवले होते की हातातले वजन जितके जास्त, तितका मोठा फरक पडल्याशिवाय तो हाताला कळत नाही. जोर कमी केला की बारीक फरक जाणवू लागतात आणि जाणवले की ते बदलता येतात. भरदुपारी न दिसणारी पणती अंधारात दिसते, तसे. लहानपणापासून ‘अजून थोडं ताण’ एवढेच ऐकलेल्या मला ही गोष्ट पटायला फार वेळ लागला.

शिक्षिका होण्याचा निर्णय मात्र केवळ बरे वाटले म्हणून घेतला नाही. दुखणे कमी झाल्यावरही मला हे कसे घडते याची ओढ राहिली, आणि सुमारे आठशे तासांचे, काही वर्षांवर पसरलेले प्रशिक्षण त्या ओढीशिवाय पूर्ण झाले नसते. त्यात सर्वांत कठीण होते ते दुसऱ्याच्या खांद्याखाली हात ठेवून काहीही दुरुस्त न करता थांबणे.

वर्गानंतर एका वयस्कर बाईंनी विचारले, “किती पाठांनंतर माझे दुखणे जाईल?” मी त्यांना आकडा दिला नाही. ऑस्ट्रेलियन सरकारने केलेल्या तपासणीत या पद्धतीच्या परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा आढळला नव्हता आणि २०१९ पासून तेथील खासगी आरोग्य विम्याचा परतावाही थांबला, हे मला ठाऊक आहे. माझा अनुभव माझ्यापुरता खरा असला तरी तो त्यांच्यासाठी वचन ठरत नाही. पायांत बधिरपणा येतो का, लघवीवरचा ताबा सुटतो का, वजन विनाकारण उतरले आहे का, हे मी आधी विचारले आणि तसे काही जाणवले तर प्रथम डॉक्टरांकडेच जा, असे बजावले. त्यांना उताणे झोपणे जड जात होते, म्हणून पुढच्या शनिवारी संपूर्ण वर्ग कुशीवर झोपून करायचा ठरवला आहे. डोक्याखाली ठेवायला जाड घोंगड्या लागतील, त्या उद्याच मागवते.